एका आकड्यापासून चोवीस तासांपर्यंत

कोकणात बीपी तपासायला प्राथमिक आरोग्य केंद्रात येणारा माणूस बहुधा घाटी चढून, एसटी गाठून, रांगेत ताटकळून आलेला असतो. खुर्चीवर टेकतो न टेकतो तोच दंडाला पट्टा. येणारा आकडा खोटा नसतो, पण तो त्या घटकेचा असतो. ही गोष्ट वैद्यकाला उमगायला फार वेळ लागला.

दंडाला पट्टा बांधून दाब मोजायची रीत १८९६ साली इटलीच्या स्किपिओने रिवा-रोच्ची यांनी दिली. १९०५ मध्ये रशियाच्या निकोलाय कोरोत्कोव यांनी स्टेथोस्कोपने ऐकू येणाऱ्या ठोक्यांवरून वरचा आणि खालचा आकडा ठरवला. पुढे कित्येक वर्षं दवाखान्यातलं माप हेच रुग्णाचं बीपी मानलं गेलं.

औषध मात्र आपल्याच रानात सापडलं. सह्याद्रीत मिळणाऱ्या सर्पगंधेचा रक्तदाबावरचा गुण मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली जगापुढे मांडला.

१९६०च्या दशकात सॅन फ्रान्सिस्कोत मॉरिस सोकोलोव यांनी रुग्णांना अंगावर बाळगायचं यंत्र दिलं. पट्टा रुग्णानेच फुगवायचा, नोंद टेपवर व्हायची. दिवसभराचं माप बऱ्याच जणांत दवाखान्यातल्यापेक्षा कमी निघालं, आणि हृदयाला पोचलेल्या इजेशी तेच जास्त जुळलं. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी तर धमनीत बारीक नळी ठेवून झोपेतही दाब टिपला. झोपेत तो साधारण १० ते २० टक्के उतरायला हवा. उतरत नसेल तर हृदय आणि मेंदूला धोका वाढतो. मला हा शोध सगळ्यांत मोलाचा वाटतो, कारण झोपेतला दाब ओपीडीत कधीच दिसत नाही.

१९८८ मध्ये थॉमस पिकरिंग यांनी न्यूयॉर्कमध्ये सौम्य दाबवाढीच्या, औषध न घेणाऱ्या २९२ रुग्णांची पाहणी केली. त्यांतल्या २१ टक्के लोकांचा दाब फक्त दवाखान्यातच वाढत होता. उलटा प्रकारही असतो: डॉक्टरांसमोर ठीक, घरी चढलेला. तो जास्त घातक, कारण औषधच सुरू होत नाही. २०११ साली ब्रिटनने निदान पक्कं करायला चोवीस तासांची नोंद घ्यावी, अशी शिफारस केली.

उच्च रक्तदाब नियंत्रणाच्या राष्ट्रीय उपक्रमात सिंधुदुर्ग सुरुवातीच्या जिल्ह्यांपैकी एक होता. आता घरोघरी डिजिटल यंत्रंही आली आहेत. घरच्या मापात सरासरी १३५/८५ किंवा त्याहून वर राहिली तर ती वाढलेली धरतात. चोवीस तासांचं यंत्र दिवसा १५ ते ३० मिनिटांनी आपोआप फुगतं. तेव्हा हात सैल आणि स्थिर ठेवायचा, आणि कधी झोपलो, गोळी कधी घेतली, हे वहीत लिहायचं. रात्री होडी घेऊन जाणाऱ्या आणि सकाळी अंथरुणाला पाठ टेकणाऱ्या माणसाची ‘रात्र’ घड्याळावरून नाही, त्या वहीवरून ठरवावी लागते.