रक्तगट जुळत नाही? स्वॅप आणि एबीओ-इनकम्पॅटिबल ट्रान्सप्लांट यांतला फरक

डायलिसिस सेंटरबाहेरच्या बाकड्यांवर एक वाक्य हमखास कानावर येतं: "बायको किडनी द्यायला तयार होती, पण ब्लडग्रुप जुळला नाही, विषय संपला." विषय तिथे संपत नाही. देणारा माणूस धडधाकट असेल, त्याच्या दोन्ही किडन्या नीट चालत असतील आणि तो मनापासून तयार असेल, तर रक्तगट वेगळा असूनही ट्रान्सप्लांट होऊ शकतं. त्याचे दोन मार्ग आहेत. एक स्वॅप, म्हणजे डोनरची अदलाबदल, आणि दुसरा एबीओ-इनकम्पॅटिबल, म्हणजे न जुळणाऱ्या रक्तगटाचीच किडनी बसवणं. डॉक्टर दोन्हींची नावं एका दमात घेतात आणि घरी पोहोचेपर्यंत त्यांची सरमिसळ झालेली असते. कुणाला वाटतं स्वॅपमध्ये पेशंटचं रक्त बदलतात, तर कुणाला वाटतं वेगळ्या ग्रुपची किडनी बसवली की तोच स्वॅप.

आधी रक्तगटाचं थोडक्यात. ओ ग्रुपचा माणूस कुणालाही किडनी देऊ शकतो, पण त्याला स्वतःला फक्त ओ ग्रुपचीच चालते. एबी पेशंटला कुणाचीही चालते. ए आणि बी यांचं एकमेकांशी जमत नाही. पॉझिटिव्ह-निगेटिव्हचा मात्र किडनीशी काही संबंध नाही. तेवढ्यावरून कुणी डोनरचं नाव खोडलं असेल तर ते पुन्हा लिहा.

स्वॅप म्हणजे सरळसरळ साटंलोटं. समजा, सांगलीच्या एका घरात मुलगा ए ग्रुपचा आणि आई बी ग्रुपची आहे. ठाण्याच्या दुसऱ्या घरात नवरा बी आणि बायको ए आहे. सांगलीची आई ठाण्याच्या पेशंटला किडनी देते आणि ठाण्याची बायको सांगलीच्या मुलाला. दोन्ही पेशंटना आपल्याला चालणाऱ्या ग्रुपची किडनी मिळते. रक्तावर काही करावं लागत नाही, जादा औषधं लागत नाहीत, खर्चही नेहमीच्या ट्रान्सप्लांटइतकाच येतो. ऑपरेशनं शक्यतो एकाच वेळी होतात, कारण एकाला किडनी मिळाल्यावर त्याच्या घरच्या डोनरने पाय मागे घेतला तर दुसऱ्या घराने काय करायचं? दोनच जोड्या लागतात असंही नाही. जून २०१३ मध्ये मुंबईत पाच जोड्यांची साखळी जुळवली गेली आणि तीन हॉस्पिटलांत मिळून दहा ऑपरेशनं झाली.

एबीओ-इनकम्पॅटिबलमध्ये दुसरं कुटुंब येतच नाही. आपल्याच आईची किंवा बायकोची, न जुळणाऱ्या ग्रुपची किडनी पेशंटला बसवतात. तयारी करायची असते ती पेशंटच्या शरीराची. ए ग्रुपच्या माणसाच्या रक्तात बी विरुद्धची प्रतिपिंडं (अँटीबॉडीज) जन्मापासून काही महिन्यांतच तयार होतात, ती आयुष्यभर राहतात आणि बी किडनीवर तुटून पडतात. ती किती आहेत हे टायटर या तपासणीतून कळतं. रिपोर्टवर १:३२, १:२५६ असे आकडे असतात. उजवीकडचा आकडा जितका मोठा, तितकं काम कठीण. ऑपरेशनच्या काही आठवडे आधी रिटुक्सिमॅबचं इंजेक्शन देतात, म्हणजे नवी प्रतिपिंडं तयार करणाऱ्या पेशी कमी होतात. मग प्लाझ्माफेरेसिस सुरू होतं. डायलिसिससारखंच मशीन असतं, पण यात रक्तातला पिवळसर प्लाझ्मा वेगळा काढून टाकतात आणि त्याच्या जागी अल्ब्युमिन हे रक्तातलं प्रथिन किंवा एबी ग्रुपचा प्लाझ्मा भरतात. एबीच का, तर त्यात ए किंवा बी कुणाच्याच विरुद्धची प्रतिपिंडं नसतात. टायटर साधारण १:८ किंवा त्याखाली आलं की ऑपरेशन करतात. पहिले दोन आठवडे फार नाजूक असतात. ते निभावले की पुढे प्रतिपिंडं थोडी वाढली तरी किडनी बहुधा ती सहन करते.

मृत्यूनंतरचं अवयवदान ज्या जपानमध्ये फार कमी होतं, तिथल्या डॉक्टरांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस ही वाट रुळवली. तेव्हा पेशंटची प्लीहासुद्धा (प्रतिपिंडं तयार करण्यात भाग घेणारा पोटातला अवयव) काढून टाकत, आता त्याची गरज राहिलेली नाही. सराव असलेल्या केंद्रांत निकाल चांगले येतात. पण प्रतिकारशक्ती आणखी दाबली जात असल्याने इन्फेक्शनचा धोका जास्त असतो, आणि इंजेक्शनं व प्लाझ्माफेरेसिसमुळे खर्च काही लाखांनी चढतो. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतली किडनी ट्रान्सप्लांटची मर्यादा २०२३ मध्ये २.५ लाखांवरून ४.५ लाख रुपये झाली. हा जादा खर्च त्यात बसतो का, हे हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेचं काम पाहणाऱ्या माणसाला, तारीख ठरण्याआधीच विचारा.

क्रॉसमॅचची गोष्ट याहून वेगळी आहे आणि गोंधळ सगळ्यात जास्त तिथेच होतो. क्रॉसमॅचमध्ये रक्तगट नाही, तर डोनरच्या पेशींविरुद्ध पेशंटच्या रक्तात प्रतिपिंडं आहेत का ते पाहतात. ती रक्त चढवल्याने, बाळंतपणाने किंवा आधीच्या ट्रान्सप्लांटने तयार होतात. नवरा बायकोला किडनी द्यायला निघतो, दोघांचा ग्रुप एकच असतो, तरी क्रॉसमॅच पॉझिटिव्ह येते, कारण त्यांच्या मुलांच्या वेळी तिच्या शरीराने नवऱ्याकडून आलेल्या गुणांविरुद्ध प्रतिपिंडं तयार केलेली असतात. यात कुणाचा दोष नाही, हे त्या दोघांना कुणीतरी स्पष्ट सांगायला हवं. एबीओची तयारी फक्त रक्तगटाच्या अडचणीसाठी असते. क्रॉसमॅच पॉझिटिव्ह असेल तर त्याचे उपचार वेगळे आणि जास्त अवघड असतात. स्वॅप मात्र दोन्ही अडचणींवर चालतो, कारण त्यात डोनरच बदलतो. रक्त चढवल्यानेही ही प्रतिपिंडं तयार होतात, म्हणून हिमोग्लोबिन उतरलं की लगेच रक्ताची बाटली लावण्याआधी, एरिथ्रोपोएटिन (रक्त वाढवणारं औषध) आणि लोहाच्या इंजेक्शनांवर भागेल का, हे नेफ्रोलॉजिस्टना, म्हणजे किडनीच्या डॉक्टरांना विचारा.

कायद्यातही फरक आहे. मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा १९९४ चा. २०११ च्या दुरुस्तीने स्वॅपला त्यात जागा मिळाली आणि आजी-आजोबा व नातवंडंही जवळच्या नातेवाइकांत आली. नवरा-बायको, आईवडील, मुलं, भावंडं आधीपासून होतीच. २०१४ च्या नियमांनुसार स्वॅपमधला प्रत्येक डोनर आपापल्या पेशंटचा असा जवळचा नातेवाईक असावा लागतो आणि प्रकरण ट्रान्सप्लांटला परवानगी देणाऱ्या प्राधिकार समितीपुढे जातं. मामा, चुलतभाऊ, मेहुणा या यादीत नाहीत. मामाची किडनी थेट भाच्याला द्यायची असेल, मग ग्रुप जुळो वा न जुळो, तर समितीकडे अर्ज करता येतो, पण नियमांप्रमाणे मामाला घेऊन स्वॅपमध्ये उतरता येत नाही. परक्या घरात किडनी जाते म्हणून स्वॅप बेकायदा असतो, ही भीती मात्र मनातून काढून टाका. पैशाची देवाणघेवाण झाली तर तो गुन्हा आहे, स्वॅप नाही.

मग आधी काय करावं? ए-बी किंवा बी-ए जोडी असेल तर माझ्या मते आधी स्वॅपच शोधावा. उलट जोडी मिळण्याची शक्यता चांगली असते. ओ ग्रुपच्या पेशंटचं गणित कठीण आहे. त्याला ओ डोनर हवा, आणि ज्या घरात ओ डोनर आहे ते घर स्वॅपमध्ये कशाला येईल? तो डोनर आपल्या माणसाला थेटच देऊ शकतो. क्रॉसमॅच पॉझिटिव्ह आलेलं एखादं घरच यादीत सापडायचं. अशा पेशंटने स्वॅपच्या आशेवर डायलिसिस लांबवत बसू नये. पहिल्याच भेटीत टायटर करून घ्यावं आणि स्वॅपसाठी किती महिने थांबायचं ते डॉक्टरांशी बोलून ठरवावं. या काळात मुंबई, पुणे, नागपूर किंवा छत्रपती संभाजीनगर यांपैकी आपल्या विभागाच्या झेडटीसीसीच्या (मृत्यूनंतर दान झालेल्या अवयवांचं वाटप पाहणाऱ्या केंद्राच्या) प्रतीक्षायादीत हॉस्पिटलमार्फत नावही लावून ठेवावं. घरात डोनर तयार असला, तरी ते नाव लावता येतं का, हे हॉस्पिटललाच विचारावं.