आयरिश ‘त्र्यूर’ म्हणजे आपले ‘तिघे’ नव्हेत

आयरिशमध्ये माणसं मोजायला वेगळे शब्द आहेत, यात मराठी माणसाला नवल वाटू नये. दोघे, तिघे, चौघे आपणही म्हणतोच. पाचापासून मात्र ‘जण’ जोडून मोकळे होतो. आयरिशची गाडी दहापर्यंत जाते, बाराचाही खास शब्द आहे. नुसते आकडे (दोन, तीन) म्हणताना ‘अ दो, अ त्री’. वस्तू-जनावरांना ‘ग़ा’, ‘त्री’. माणसांना ‘बेर्त्य’, ‘त्र्यूर’. इथवर पाठांतर पुरतं.

खरी गफलत पुढच्या नामाची. ‘त्री’नंतर नाम सहसा एकवचनी असतं. घोडा म्हणजे ‘कापल’, तीन घोडे ‘त्री खापल’ (क घासून ख झाला). तीन पुरुष ‘त्र्यूर फ्यार’. एक पुरुषही ‘फ्यार’च. झालं! शिकणारे लगेच नियम ठोकतात की माणसांनाही एकवचनच लागतं. साफ चूक. आपलं ‘तिघे’ विशेषणासारखं भावांना चिकटतं: तिघे भाऊ. ‘त्र्यूर’ हे मात्र नाम आहे, ‘आंब्यांची पेटी’मधल्या पेटीसारखं. म्हणून पुढे षष्ठीचं अनेकवचन येतं: ‘पुरुषांचं त्रिकूट’. ‘पुरुषांचं’ याचं आयरिश रूप (‘फ्यार’) दिसायला एकवचनासारखं, एवढाच काय तो घोळ. बाई घेतली की बिंग फुटतं. एक बाई ‘ब्यान’, बायकांचं ‘बान’. तीन बायका ‘त्र्यूर बान’. मूल ‘पाश्ते’, तीन मुलं ‘त्र्यूर पाश्ती’. ‘फ्यार’चं उदाहरण देऊन हा नियम शिकवायला बंदीच घालावी, असं माझं ठाम मत आहे.

‘बेर्त्य’ तर आणखी एक खोडी करतो: पुढचं व्यंजन घासतो. दोन बायका ‘बेर्त्य वान’. फ्यारचा तर फ गायबच: ‘बेर्त्य आर’.

हा ‘बेर्त्य’ मुळात या घरातला नाहीच. ‘त्र्यूर’ हा जुन्या आयरिशमधल्या ‘त्रिअर’चा वंशज. तो ‘त्रि’ आणि ‘फेर’ मिळून झाला. फेर म्हणजे पुरुष, संस्कृत ‘वीर’ त्याचाच भाऊबंद. म्हणजे ‘त्र्यूर बान’मध्ये तीन बायकांच्या पोटात एक वीर दडलाय! ‘बेर्त्य’ मात्र वाहून नेण्याच्या धातूवरून आलाय, आपल्या ‘भार’च्या कुळातला, मूळ अर्थ ओझं, गाठोडं. दोघांसाठीचा जुना ‘दिअस’ त्याने मागे सारला, पण आयरिशच्या बहीणभाषेत, स्कॉटिश गेलिकमध्ये, ‘जीइश’ या रूपात तो अजून रोजच्या बोलण्यात आहे.

सात जणांना ‘शाख्तर’ म्हणतात. ‘मोर-हेशर’ही चालतं, शब्दशः ‘मोठे सहा जण’. मला विचाराल तर मी तेच वापरेन.