पार्श्वभूमी : रिव्हर्स इंजिनिअरिंग, गाळ्यातलं आणि प्रयोगशाळेतलं

रिव्हर्स इंजिनिअरिंग म्हटलं की अनेकांच्या डोळ्यांपुढे थेट डुप्लिकेट माल येतो. खरं तर तयार वस्तू खोलून ती कशी आणि का तशी बनवली असेल, हे शोधून काढणं एवढंच ते काम. त्या माहितीचं पुढे काय करायचं, तिथे कायदा येतो.

कुर्ला-साकीनाक्याच्या गाळ्यांमध्ये हे नेहमीचंच आहे. जुन्या परदेशी मशीनचा गिअर तुटतो. कंपनीने तो बनवणं कधीच बंद केलेलं, ड्रॉइंगचा पत्ता नाही. टर्नरने (लेथवर धातू कापणाऱ्या कारागिराने) व्हर्नियर, म्हणजे बारीक माप घेणारं साधन, लावून हुबेहूब तसाच गिअर कापला तर तो नीट चालणार नाही, कारण समोरच्या नमुन्याचे दाते झिजलेले आहेत. मग दात्यांची संख्या आणि दोन शाफ्टमधलं अंतर यांवरून मूळ माप काढावं लागतं. नुसती नक्कल करणारा इथेच फसतो.

मुंबईत या विद्येला मोठं मैदान मिळालं ते औषधांमध्ये, आणि तेही कायद्यामुळे. 1911च्या ब्रिटिशकालीन कायद्यात औषधाच्या रेणूलाच पेटंट मिळे. तो दुसऱ्या मार्गाने बनवला तरी उपयोग नसे. न्यायमूर्ती राजगोपाल अय्यंगार यांच्या 1959च्या अहवालानंतर 1970चा पेटंट कायदा झाला आणि 1972मध्ये लागू झाला. त्या कायद्यात औषधांबाबत पेटंट फक्त बनवण्याच्या प्रक्रियेला, तेही जास्तीत जास्त सात वर्षं. त्यामुळे केमिस्ट मंडळी रेणू समोर ठेवून उलटी चालू लागली : शेवटची क्रिया कोणती असावी, त्याआधीचा कच्चा माल कोणता, आणि पेटंटची वाट टाळून स्वस्तात कुठून पोहोचता येईल? माटुंग्याच्या यूडीसीटी या रसायन-तंत्रज्ञानाच्या संस्थेत, म्हणजे आताच्या आयसीटीत, शिकलेली माणसं या उद्योगाला मिळत होतीच. 2001मध्ये मुंबईच्या सिप्लाने एचआयव्हीवरची तीन औषधं मिळून एका रुग्णामागे वर्षाला 350 डॉलरमध्ये देऊ केली, तेव्हा बड्या कंपन्यांचा भाव 10,000 डॉलरच्या घरात होता. ही किंमत आभाळातून पडली नव्हती.

1 जानेवारी 2005पासून रेणूला पुन्हा पेटंट मिळू लागलं. जेनेरिकवाल्यांचं, म्हणजे दुसऱ्याने शोधलेलं औषध स्वस्तात बनवणाऱ्यांचं, हे काम आता मुख्यतः पेटंट संपलेल्या किंवा संपत आलेल्या औषधांवर चालतं.

सॉफ्टवेअरबाबत आपला कायदा त्यामानाने उदार आहे. दोन प्रोग्रॅम एकमेकांशी जुळावेत म्हणून लागणारी माहिती सहज मिळत नसेल, तर ती खोलून काढण्याची मुभा कॉपीराइट कायद्याच्या कलम 52मध्ये 1999च्या दुरुस्तीने दिली. लायसन्सच्या अटींमध्ये मात्र ‘रिव्हर्स इंजिनिअरिंगला मनाई’ ही ओळ हमखास असते. आपण न वाचताच खाली टिक करतो.