तुसाची राख सिमेंटच्या जागी: पार्श्वभूमी

बांधकामाच्या चुन्यात राख मिसळण्याची कल्पना सिमेंटहून जुनी आहे. रोमन गवंडी चुन्यात ज्वालामुखीची राख मिसळत. इटलीतल्या पोत्सुओली गावावरून तिला ‘पोझोलाना’ म्हणू लागले. आपल्याकडे तेच काम सुरखीने, म्हणजे भाजलेल्या विटांच्या पुडीने केले. १८२४ मध्ये जोसेफ ॲस्पडिनने पोर्टलंड सिमेंटचे पेटंट घेतले, तरी पोझोलाना बाद झाला नाही. सिमेंट भिजले की त्यातून चुना सुटतोच आणि राखेतली सिलिका (वाळूतही असणारे द्रव्य) त्याला धरून नवा बंध तयार करते.

तुसाच्या, म्हणजे भाताच्या टरफलांच्या राखेची पहिली पेटंटे १९२४ मध्ये जर्मनीत निघाली. पुढे बराच काळ गाडी अडली, कारण एक राख कामाची निघे, दुसरी निव्वळ भर. उलगडा १९७० च्या दशकात अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठाच्या पोविंदर कुमार मेहता यांच्या कामातून झाला: तूस कसे जळले यावर सारे अवलंबून असते. साधारण ५०० ते ७०० अंश सेल्सिअसला जळले तर सिलिका अस्फटिक, म्हणून क्रियाशील राहते; त्याहून जास्त तापात बराच वेळ राहिली की स्फटिक बनते आणि चुन्याला दाद देत नाही. हवा कमी पडली तर कार्बन उरतो, तो पाणी खातो. उघड्या ढिगात हे दोन्ही दोष एकदम येतात. काळी राख नको हे दिसते. पांढरी मात्र फसवते, कारण ती स्फटिक झालेली असू शकते.

१,००० किलो भातातून सुमारे २०० किलो तूस आणि त्यातून जेमतेम ४० किलो राख मिळते. तुसाऐवजी उसाच्या चिपाडांची राखही चालते; ती साखर कारखान्याच्या बॉयलरमधून आयती मिळते, पण तिच्यात शेतातली वाळू आणि अर्धवट जळलेले तंतू असतात. आधी ३०० मायक्रॉनच्या (०.३ मिमी) चाळणीने तंतू काढावेत, मग सिमेंटइतकी बारीक दळावी.

बांधकामाच्या काँक्रीट ब्लॉकमध्ये सिमेंटच्या वजनाच्या १० ते १५ टक्के राखेने सुरुवात करतात: ५० किलोच्या गोणीतले ५ किलो सिमेंट कमी, तेवढी राख. मोजमाप वजनावरच हवे. राख हलकी असल्याने घमेल्याला घमेले धरले तर बांधणारा माल घटतो. राख सच्छिद्र, म्हणून मिश्रण कोरडे वाटते आणि कामगार पाणी वाढवतो. मग साचा उचलताच ब्लॉक खचतो. उलट पाणी कमी पडले तर कडा झडतात. चुन्याशी होणारी क्रिया संथ आणि ओलाव्यावर चालणारी, त्यामुळे तिसऱ्या-चौथ्या दिवशी पाणी मारणे थांबवले तर राख नुसती भर म्हणून उरते.