थायरॉईडची गाठ: अर्धी ग्रंथी काढायची की पूर्ण?

सुईच्या तपासणीत 'पॅपिलरी कार्सिनोमा' (थायरॉईड कॅन्सरचा सर्वांत जास्त आढळणारा प्रकार) आला की लोबेक्टॉमी आणि टोटल थायरॉइडेक्टॉमी हे दोन शब्द एकाच दिवशी कानावर पडतात. घरी पोचेपर्यंत त्यांचं 'छोटं ऑपरेशन' आणि 'मोठं ऑपरेशन' झालेलं असतं, आणि रात्रीपर्यंत 'अर्धा इलाज' आणि 'पुरा इलाज'. मालवणकडच्या एका मावशींनी तपासणीच्या खोलीत सरळ सांगून टाकलं होतं, "काढूचाच आसा तर सगळाच काढून टाका, अर्ध्याचो घोर नको." कॅन्सर या शब्दापुढे असं वाटणं अगदी स्वाभाविक आहे. पण कमी जोखमीच्या थायरॉईड कॅन्सरमध्ये अर्धी ग्रंथी काढणं म्हणजे अर्धा इलाज नव्हे.

आधी दोन्ही ऑपरेशनं म्हणजे नेमकं काय ते पाहू. श्वासनळीच्या दोन्ही बाजूंना ग्रंथीचा एकेक लोब असतो आणि मध्ये त्यांना जोडणारी पट्टी. लोबेक्टॉमीत गाठ असलेला लोब पट्टीसकट पूर्ण काढतात. नुसती गाठ कोरून काढत नाहीत. टोटलमध्ये दोन्ही लोब जातात. गळ्यावरचा छेद दोन्हींत जवळपास सारखाच असतो. फरक पडतो तो आत, आणि पुढच्या आयुष्यात.

कमी जोखीम म्हणजे गाठ ग्रंथीच्या आतच आहे, ४ सेंटिमीटरपेक्षा मोठी नाही, सोनोग्राफीत मानेच्या लिम्फ गाठींमध्ये आजार दिसत नाही, दूर कुठे पसरलेला नाही आणि पेशींचा प्रकार आक्रमक नाही. एके काळी गाठ १ सेंटिमीटरपेक्षा मोठी असली की पूर्ण ग्रंथी काढणं हाच रिवाज होता. अमेरिकन थायरॉईड असोसिएशनच्या २००९च्या मार्गदर्शनातही तेच होतं. २०१५मध्ये त्यांनी ते बदललं: १ ते ४ सेंटिमीटरच्या अशा गाठींना दोन्हींपैकी कुठलंही ऑपरेशन चालेल, असं तेव्हा सांगितलं. कारण योग्य निवड केलेल्या रुग्णांमध्ये दोन्ही गटांचं आयुर्मान जवळपास सारखंच निघालं. जपानमध्ये कोबे शहरातल्या कुमा हॉस्पिटलने तर १९९३पासूनच १ सेंटिमीटरपर्यंतच्या अनेक गाठींचं ऑपरेशन न करता नुसती सोनोग्राफीने नजर ठेवायला सुरुवात केली होती.

मग पूर्ण ग्रंथी काढल्याने मिळतं काय आणि जातं काय?

जाणाऱ्या गोष्टींवर मी जास्त वेळ घालवणार आहे, कारण त्या कोणी नीट सांगत नाही. थायरॉईडच्या मागे बहुधा चार पॅराथायरॉईड ग्रंथी असतात, उकड्या तांदळाच्या दाण्याएवढ्या. रक्तातलं कॅल्शियम त्या सांभाळतात. टोटलमध्ये चारींना हात लागतो. त्या दुखावल्या तर ऑपरेशननंतर एकदोन दिवसांत बोटांच्या टोकांना मुंग्या येतात, ओठांभोवती बधिर वाटतं, हात आखडतात. अशा वेळी "अशक्तपणा असेल" म्हणून झोपून राहू नये, लगेच नर्सला सांगावं. घरी सोडलं असेल तर त्याच वेळी फोन करावा. बहुतेकांचा हा त्रास काही आठवड्यांत ओसरतो, थोड्यांना मात्र कॅल्शियमच्या गोळ्या कायमच्या लागतात. लोबेक्टॉमीत दुसऱ्या बाजूच्या पॅराथायरॉईड जागच्या जागी राहतात, त्यामुळे हा कायमचा त्रास जवळपास उद्भवतच नाही.

दुसरी गोष्ट आवाजाची. स्वरयंत्राकडे जाणारी एकेक नस दोन्ही बाजूंनी ग्रंथीला चिकटून वर चढते. लोबेक्टॉमीत एका नसेला धोका, टोटलमध्ये दोन्हींना. एक दुखावली तर आवाज घोगरा होतो. क्वचित दोन्ही दुखावल्या तर श्वासालाच अडथळा येतो. याशिवाय वरच्या बाजूला एक बारीक नस आहे, ती गेली तर बोलणं ठीक राहतं पण वरचा सूर लागत नाही. डबलबारीच्या भजनातले बुवा, दशावतारात गाणारे कलाकार, मासळीच्या लिलावात ओरडणारे, यांनी आपला पोटापाण्याचा आवाज काय आहे ते सर्जनला आधीच सांगावं. एखाद्याचं कामच आवाजावर चालतं, हे केसपेपरवर लिहिलेलं नसतं.

तिसरी, रोजची गोळी. टोटलनंतर थायरॉक्सिन (ग्रंथी बनवते ते हार्मोन) जन्मभर, चुकवून चालत नाही. पहाटे उपाशीपोटी पाण्याबरोबर, चहा अर्ध्यापाऊण तासाने. कॅल्शियमची गोळी असेल तर चार तासांचं अंतर. आपल्याकडच्या पावसात गोळ्यांना ओल लागते, तेव्हा बाटली घट्ट बंद करून ठेवावी. लोबेक्टॉमीनंतर उरलेला लोब अनेकांचं भागवतो, पण सगळ्यांचं नाही. काहींना तेव्हाही गोळी लागते. "अर्धी काढली म्हणजे गोळी नाही" असं कोणी छातीठोक सांगत असेल तर ते खरं नव्हे.

आता टोटलचे खरे फायदे. पुढे किरणोत्सारी आयोडीन (उरल्यासुरल्या थायरॉईड पेशी मारणारं औषध) द्यायचं असेल तर पूर्ण ग्रंथी काढलेली असावी लागते, आणि नंतर थायरोग्लोब्युलिनच्या (थायरॉईड पेशीच बनवतात त्या प्रथिनाच्या) रक्ततपासणीवरून लक्ष ठेवणं सोपं होतं. लोबेक्टॉमीनंतर मुख्य भिस्त सोनोग्राफीवर. पण कमी जोखमीत आयोडीनची गरजच पुष्कळदा नसते. फ्रान्समधल्या मोठ्या चाचणीत टोटल झालेल्या अशा रुग्णांना आयोडीन न देताही तीन वर्षांचा निकाल तेवढाच चांगला आला, हे २०२२मध्ये प्रसिद्ध झालं. ज्यांना ते खरंच द्यायचं असतं त्यांना आधी आठवडा-दोन आठवडे समुद्राची मासळी, सुकं आणि आयोडीनयुक्त मीठ बंद करतात. तेवढ्यावरून "थायरॉईडच्या ऑपरेशननंतर मासे कायमचे बंद" अशी समजूत किनाऱ्यावर पसरली आहे. लोबेक्टॉमीवाल्यांना तर ते पथ्यच नाही.

दोन्ही लोबांत कॅन्सर, मानेत पसरलेल्या गाठी, ४ सेंटिमीटरहून मोठी गाठ किंवा ग्रंथीबाहेर गेलेला आजार असेल तर टोटलच बरं, तिथे घासाघीस करू नये.

लोबेक्टॉमीची एक अडचण मात्र आधीच मान्य करून जायला हवी. काढलेल्या लोबचा अंतिम रिपोर्ट काही दिवसांनी येतो, आणि त्यात आक्रमक प्रकार किंवा रक्तवाहिन्यांत शिरलेला आजार दिसला तर उरलेला लोबही काढावा लागू शकतो. वेंगुर्ला-सावंतवाडीकडून गोव्यात बांबोळीच्या इस्पितळात किंवा रत्नागिरीहून मुंबईला जाणाऱ्या माणसाला दुसरी खेप म्हणजे पुन्हा रजा, पुन्हा कोणाचा तरी आधार, पुन्हा पैसे. हे कारण सांगून कोणी टोटल निवडली तर ती निवड चुकीची नाही, फक्त ती भीतीपोटी झालेली नसावी. ऑपरेशनआधी सर्जनला विचारावं: वर्षाला थायरॉईडची किती ऑपरेशनं करता, माझी गाठ किती मिलिमीटर, मानेची सोनोग्राफी झाली का, आणि अंतिम रिपोर्ट कोण समजावून सांगणार.