सव्वासहाची सुट्टी : ‘वर्क-लाइफ बॅलन्स’मागची पार्श्वभूमी

‘वर्क-लाइफ बॅलन्स’ हा शब्द आपल्याकडे आयटी कंपन्यांच्या एचआरने आणला, असा सर्वसाधारण समज आहे. आठवड्याला ७० तास काम करा (ऑक्टोबर २०२३), मग ९० तास करा (जानेवारी २०२५), अशा बड्या उद्योगपतींच्या सल्ल्यांनी तो चहाच्या टपरीपर्यंत पोचवला. पण महाराष्ट्रात या समतोलाचा रोख हिशेब एकदाच कागदावर मांडला गेला आणि तो कुठल्या कंपनीने नव्हे, राज्य सरकारने मांडला. १२ फेब्रुवारी २०२० रोजी मंत्रिमंडळाने सरकारी कार्यालयांसाठी पाच दिवसांचा आठवडा मंजूर केला. अंमल २९ फेब्रुवारीपासून. ती तारीख शनिवारची होती, म्हणजे निर्णयाची सुरुवातच सुट्टीने झाली आणि टीकाकारांना आयतं कोलीत मिळालं.

‘बाबूंना आणखी एक सुट्टी’ असाच सगळीकडे सूर होता. शेतकऱ्याला कुठे शनिवार-रविवार असतो, हा प्रश्नही लगेच आला, आणि तो सत्तेत बसलेल्यांतूनही आला. निर्णयाबरोबर दिलेला हिशेब मात्र फार थोड्यांनी वाचला. तोवर दुसरा आणि चौथा शनिवार सुट्टीचा होता. वर्षाचे सरासरी कामाचे दिवस २८८, जेवणाची अर्धा तास सुट्टी वगळून रोजचे ७ तास १५ मिनिटं, म्हणजे वर्षाला २०८८ तास. नव्या पद्धतीत दिवस २६४, पण रोजचे पूर्ण ८ तास, म्हणजे २११२. वर्षाला २४ तासांची वाढ. सुट्टी वाढली अशी ओरड चालू होती तेव्हा काम तीन कार्यालयीन दिवसांनी वाढलेलं होतं.

हे तास आले कुठून, तिथेच खरी गोम आहे. मुंबईतली कार्यालयं पूर्वी पावणेदहा ते साडेपाच अशी होती. ती पावणेदहा ते सव्वासहा झाली. सकाळ तशीच राहिली, पाऊण तास सगळाच्या सगळा संध्याकाळी जोडला गेला. मुंबईबाहेर दहा ते पावणेसहा अशी वेळ होती, तिथे पाव तास सकाळी चढला आणि अर्धा संध्याकाळी. शिपायांची वेळ तर साडेनऊ ते साडेसहा. त्यांच्याबद्दल तेव्हा कोणी चकार शब्द काढल्याचं माझ्या वाचनात नाही.

मी फोर्टातल्या एका कार्यालयात बरीच वर्षं काढली, म्हणून हा पाऊण तास मला जरा जास्तच दिसतो. साडेपाचला सुटून सीएसएमटीला ठरलेली गाडी पकडणाऱ्या आमच्या डब्यात भाजी निवडली जायची. समोरची बाई गवारीच्या शेंगा मोडून पिशवीत टाकायची, आणि ठाणे येईपर्यंत देठं एका कागदात आणि भाजी दुसऱ्या पिशवीत अशी वाटणी झालेली असायची. त्या गाडीत बसायला मिळायचं, हे महत्त्वाचं, कारण उभ्याने गवार मोडता येत नाही. सव्वासहाला सुटणाऱ्यांना साडेसहानंतरची गर्दी लागली. भाजी निवडायचं काम घरी गेलं, म्हणजे रात्री नऊला गेलं. शनिवार मिळाला हे खरं, पण त्या शनिवारात आठवडाभराची भाजी, दळण, गॅस बुकिंग, सासऱ्यांचा डॉक्टर आणि मुलाचा क्लास असं सगळं येऊन बसलं.

इथे एका शब्दाचा गुंता आहे. मराठीत ‘सुट्टी’ आणि ‘रजा’ हे आपण सरमिसळ वापरतो, पण नोकरीतल्या माणसाला फरक नेमका ठाऊक असतो. रजा मागावी लागते, शिल्लक असावी लागते, साहेबाची सही लागते. सुट्टी कॅलेंडरवर छापून येते, ती कोणाच्या मेहेरबानीवर नसते. २०२० चा शनिवार या दोन्हींत बसत नाही. त्याचे तास सोमवार ते शुक्रवार आधीच भरलेले असतात. खानावळीत आगाऊ पैसे भरून जेवावं तसा तो दिवस. तरी त्याला सगळे ‘सुट्टी’ म्हणाले आणि म्हणूनच तो फुकटचा वाटला. निर्णयाच्या बाजूने बोलणाऱ्यांनीही वीज, पाणी आणि गाड्यांच्या इंधनाची बचत पुढे केली, कुटुंबासाठी वेळ मिळेल असं सांगितलं. तास वाढले हे त्यांनी ठासून सांगितलं असतं तर वाद वेगळा झाला असता असं मला वाटतं. माझं हे मत एकांगी असू शकेल.

निर्णयाची परीक्षा मात्र झालीच नाही. २९ फेब्रुवारी, ७ मार्च, २१ मार्च असे जेमतेम तीन नवे शनिवार मिळाले (१४ मार्चचा दुसरा शनिवार तसाही सुट्टीचा होता) आणि २४ मार्चच्या रात्री टाळेबंदी जाहीर झाली. पोलीस, अग्निशमन, सफाई कामगार, शाळा-महाविद्यालयं आधीच या निर्णयातून वगळलेली होती. बाकीच्यांचं ऑफिस स्वयंपाकघराच्या ओट्याशेजारी आलं.

मागे जायचं तर तास मोजण्याची ही सवय गिरण्यांची. मुंबईत १८८४ मध्ये गिरणी कामगारांनी मागितलं ते असं : रविवारची सुट्टी, दुपारी अर्धा तास, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढंच काम. २४ एप्रिल १८९० ला महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर सुमारे दहा हजार कामगारांची सभा भरली, तिथे दोन कामगार स्त्रियाही बोलल्या. १० जून १८९० ला गिरणी मालकांनी आठवड्याची सुट्टी कबूल केली. रविवार का, तर तो खंडोबाचा वार, असं कामगारांच्या पुढाऱ्याने मांडल्याचं सांगितलं जातं. चर्चमुळे रविवार आला असं बेधडक सांगणाऱ्यांनी हा तपशील लक्षात ठेवायला हरकत नाही. १८९१ च्या कारखाने कायद्याने स्त्रियांचा दिवस अकरा तासांवर आणला, पुरुषांचा मोकळाच ठेवला. ‘सूर्यास्त’ ही मर्यादाही टिकली नाही. १९०५ च्या सुमारास गिरण्यांत विजेचे दिवे आले आणि दिवस चौदा-पंधरा तासांपर्यंत ताणला गेला. पुरुषांना पहिली मर्यादा १९११ मध्ये मिळाली, कापड गिरण्यांत बारा तासांची. पुढे १९२२ ला आठवड्याला साठ, १९३४ ला चोपन्न, १९४६ ला अठ्ठेचाळीस अशी ती उतरत गेली. १९४८ चा कारखाने कायदा बहुतेक वाचकांना माहीत असतो, त्याच्या खोलात जात नाही.

या सगळ्या हिशेबात गेटच्या आतलं काम मोजलं गेलं. गेटच्या बाहेरच्या कामाला मराठीत फार पूर्वीपासून वेगळा शब्द आहे : तारेवरची कसरत. दिवाळी अंकांत आणि मासिकांच्या महिला पुरवण्यांत नोकरी करणाऱ्या बाईवरच्या लेखाला हाच मथळा ठरलेला असायचा. पुरुषाच्या वाट्याला तेच आलं तेव्हा त्याचा ‘बॅलन्स’ झाला. कसरत करणारीचं कौतुक होतं, तिची तार कोणी खाली उतरवून देत नाही. बॅलन्स बिघडला की मात्र कंपनी समुपदेशक नेमते.

सरकारी कागद याबाबतीत जास्त प्रामाणिक असतात. जुलै २०१८ मध्ये राज्याने १८० दिवसांची बालसंगोपन रजा आणली. ती महिला कर्मचाऱ्यांना मिळते, आणि पत्नी हयात नसेल किंवा आजाराने अंथरुणाला खिळलेली असेल तर पुरुषालाही. धडधाकट बायको असलेल्या बापाने मूल सांभाळण्यासाठी ही रजा मागायची सोय त्यात नाही. निर्णय लिहिणाऱ्याने समाजाचं वर्णन एका वाक्यात करून टाकलं आहे. केंद्राच्या वेळ-वापर सर्वेक्षणातही हेच दिसतं. घरच्यांसाठी बिनपगारी घरकाम करणाऱ्या स्त्रिया २०१९ मध्ये त्यावर रोज सरासरी २९९ मिनिटं घालवत होत्या, पुरुष ९७. २०२४ मध्ये स्त्रिया २८९ वर आल्या आणि पुरुष ८८ वर. मधल्या काळात टाळेबंदी होऊन गेली, पुरुष घरी बसले, भांडी घासतानाचे फोटो टाकले गेले. मिनिटं मात्र उतरलीच.

गेल्या दोन-तीन वर्षांत वाद पुन्हा खाजगी नोकरीकडे वळला. सप्टेंबर २०२४ मध्ये पुण्यातल्या एका कार्यालयातला कामाचा ताण देशभर चर्चेत आला, कामगार खात्याचे अधिकारी तपासणीला गेले आणि दुकाने व आस्थापना कायद्याखाली त्या कार्यालयाची नोंदणीच नसल्याचं आढळलं. म्हणजे तासांची मर्यादा मोडली की नाही हे पाहण्याआधीच मर्यादा लावणाऱ्या यादीत ते कार्यालय नव्हतं. ३ सप्टेंबर २०२५ च्या राज्य मंत्रिमंडळाच्या निर्णयाने वारं उलट्या दिशेने वाहू लागलं. कारखान्यांत रोजची मर्यादा ९ वरून १२ तास, विश्रांती पाच तासांऐवजी सहा तासांनी, तिमाहीतला ओव्हरटाइम ११५ वरून १४४ तास. दुकानं आणि कार्यालयांत रोजचे ९ चे १० तास, तेही वीस किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी. ओव्हरटाइमसाठी कामगाराची लेखी संमती लागेल असंही सांगितलं गेलं. महिन्याच्या पंचवीस तारखेला, हप्ता डोक्यावर असताना, ती संमती कशी दिली जाते हे कारखान्याच्या टाइम ऑफिसात बसलेल्या कोणालाही विचारावं.

कामाच्या वेळेनंतर फोन न उचलण्याचा हक्क मागणारं खाजगी विधेयक महाराष्ट्रातूनच निवडून गेलेल्या एका खासदाराने २०१८ मध्ये लोकसभेत मांडलं आणि डिसेंबर २०२५ मध्ये पुन्हा मांडलं. खाजगी विधेयकं, म्हणजे मंत्री नसलेल्या खासदारांनी मांडलेली, आपल्याकडे क्वचितच मंजूर होतात हे सांगायला नको.

त्याच्या थोडंच आधी, २१ नोव्हेंबर २०२५ ला, जुने कामगार कायदे एकत्र करणाऱ्या केंद्राच्या चार कामगार संहिता लागू झाल्या. तिथे आणखी एक शब्द आहे, ‘स्प्रेडओव्हर’. कामाला लागल्यापासून ते सुटेपर्यंतचा, जेवणाची आणि विश्रांतीची वेळ धरून, सगळा काळ. जुन्या कारखाने कायद्यात तो साडेदहा तासांचा होता, सप्टेंबरच्या निर्णयात तो बारा तासांवर नेला. बदलापूरहून येणाऱ्या माणसाच्या लेखी या काळाला आणखी दोन-तीन तासांची झालर असते, ती कुठल्याच कायद्यात धरलेली नाही. नव्या संहितेत रोजचं काम आठ तासांपेक्षा जास्त नसावं असं लिहिलं आहे. स्प्रेडओव्हर किती तासांचा, तो आकडा संहितेत नाही. तो संबंधित सरकारने अधिसूचनेने ठरवायचा आहे.