देइगोच्या फुलापासून सांबापर्यंत: काझुफुमी मियाझावा

जपानच्या दक्षिणेकडच्या ओकिनावा बेटांवर देइगो नावाचं झाड आहे. देइगो म्हणजे आपला पांगाराच, तीच लालभडक फुलं. ज्या वर्षी देइगो अंगभर फुलतो त्या वर्षी वादळं फार, असं तिथले लोक मानतात. जपानी गायक-संगीतकार काझुफुमी मियाझावा यांचं ‘शिमा उता’, म्हणजे बेटाचं गाणं, याच फुलापासून सुरू होतं, आणि त्यांच्या सांबाची, म्हणजे ब्राझीलच्या त्या ढोलांच्या नाचगाण्याची, वाटही मला इथूनच निघालेली दिसते.

मियाझावा मूळचे ओकिनावाचे नव्हेत. 1966 साली ते मुख्य जपानमधल्या कोफू शहरात जन्मले. 1986 मध्ये त्यांनी ‘द बूम’ हा बँड काढला. तोक्योतल्या हाराजुकुच्या रस्त्यावर वाजवत त्यांनी नाव कमावलं. पुढे ओकिनावात हिमेयुरी संग्रहालयात दुसऱ्या महायुद्धातल्या 1945 च्या लढाईतून वाचलेल्या एका बाईची हकिगत त्यांनी ऐकली. शुश्रूषेला जुंपलेल्या शाळकरी मुलींपैकी ती एक. त्यातून 1992 मध्ये ‘शिमा उता’ आलं. चाल ओकिनावाच्या स्वरांत आहे: सा ग म प नी, थेट आपल्या तिलंगचा आरोह. फक्त उसाच्या रानातल्या ताटातुटीच्या ओळींना त्यांनी हे स्वर मुद्दाम वापरले नाहीत. लढाईत ताटातूट झालेल्या त्या माणसांना मरणाच्या दारी मुख्य जपाननं लोटलं, मग तिथे ओकिनावाचे स्वर कसे लावायचे, ही त्यांची बोच. एवढा विचार करणारा संगीतकार विरळा.

1908 मध्ये ‘कासातो मारू’ जहाजातून 781 जपानी ब्राझीलच्या सांतोस बंदरात उतरले, त्यांत ओकिनावाची माणसं पुष्कळ होती. मियाझावाही ब्राझीलकडे वळले. 1994 मध्ये ‘क्योकुतो सांबा’, म्हणजे अतिपूर्वेचा सांबा, हा अल्बम आला. त्यातलं ‘काझे नी नारिताई’ हे गाणं 1995 मध्ये सिंगल म्हणून आलं आणि सांबाचे ढोल जपानभर घुमले. 1998 चा ‘आफ्रोसिक’ हा अल्बम त्यांनी ब्राझीलच्या वादकांबरोबर केला. 2006 मध्ये ‘गांगा झुंबा’ हा नवा बँड उभा केला. हे नाव ब्राझीलमध्ये गुलामगिरीतून निसटलेल्यांच्या एका पुढाऱ्याचं. ‘द बूम’ 2014 मध्ये थांबला.

मधल्या काळात ‘शिमा उता’ स्वतःच समुद्र ओलांडून गेलं. अर्जेंटिनाचे विनोदी नट आल्फ्रेदो कासेरो यांनी ते जपानीतच गायलं आणि 2002 च्या फुटबॉल विश्वचषकात अर्जेंटिनाच्या पाठीराख्यांनी ते आपलंसं केलं. त्याच वर्षाअखेर जपानच्या ‘कोहाकु’ या वर्षअखेरच्या टीव्हीवरच्या गाण्यांच्या कार्यक्रमात कासेरो आणि मियाझावा एकत्र गायले. अर्जेंटिनाचं राष्ट्रीय फूल सेइबो. तेही पांगाऱ्याच्याच कुळातलं.